बांज खाली, खरसू वर

उत्तराखंडात गोपेश्वरहून उखीमठकडे जाणारा रस्ता मंडल गावापाशी जंगलात शिरतो आणि थेट चोपत्यापर्यंत चढत राहतो. मंडल सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे, चोपता 2,700 च्या आसपास. तास-सव्वा तासाचा प्रवास. बहुतेक प्रवासी वळणांनी हैराण होऊन हा वेळ डोळे मिटून काढतात, कारण जे पाहायला आलेले असतात ते पुढे असतं: तुंगनाथचं देऊळ, चंद्रशिलेचा माथा, हवा स्वच्छ असेल तर चौखंबा शिखर. मला मात्र अख्ख्या गढवालात हाच रस्ता सगळ्यात मोलाचा वाटतो. खिडकीची काच खाली करून बसलं, तर एका तासात तीन जंगलं बदलताना दिसतात. खाली बांज, मध्ये मोरू, वर खरसू. तिन्ही ओक, तिन्ही एकाच कुळातले आणि तिन्ही बारमाही हिरवे.

मोरूबद्दल पुन्हा कधी लिहीन. कुमाऊँत त्याला तिलोंज म्हणतात आणि नैनीताल-बिनसरकडे गेलेल्यांनी तो नक्की पाहिलेला असतो. आज लिहायचंय ते टोकाच्या दोघांबद्दल. वनस्पतिशास्त्रात बांज म्हणजे क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा आणि खरसू म्हणजे क्वेर्कस सेमेकार्पिफोलिया. युरोपातल्या चित्रांत दिसणारा ओक थंडीत बोडका होतो. हे दोघे कधीच बोडके होत नाहीत. त्यांचं जवळचं नातं लागतं ते भूमध्य समुद्राकाठच्या सदाहरित ओकांशी. चैत्र-वैशाखात डोंगर कोरडाठाक पडलेला असताना जुनी पानं गळतात आणि त्याच सुमाराला नवी फुटतात. पाऊस यायला अजून दोन महिने असतात, पण मुळं खोलवरचं पाणी ओढून आणतात.

ओळखायला सोपे आहेत. पान उलटं करून बघायचं. बांजाचं पान लांबट, टोकदार, कडेला करवतीसारखे दाते, वरून गडद हिरवं आणि तुकतुकीत. मागची बाजू पांढुरकी, बारीक दाट लव असलेली. बोट फिरवलं की मऊ लागते. वारा सुटला की सगळा उतार क्षणभर रुपेरी होतो आणि परत हिरवा. खरसूचं पान जाड, चामट, देठापाशी जरासं हृदयाकृती, आणि मागून तांबूस-तपकिरी. वर बघितलं तर या पानांच्या कडा अगदी सरळ दिसतात, पण हाताशी येणारी खालची फांदी धरायला गेलात तर टोचते. लहान झाडाच्या आणि खालच्या फांद्यांच्या पानांना काटे असतात, उंचावरच्या पानांना नसतात. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं. चरणाऱ्या जनावराचं तोंड जिथवर पोचतं तिथवर काटे, असा त्याचा अर्थ लावायचा मोह होतो, आणि मला तो लावावासाही वाटतो.

आपल्या सह्याद्रीत ओक नाही. रानात आपोआप वाढलेलं ओकाचं एकही झाड महाराष्ट्रात सापडणार नाही. तरी बांज आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचलेला आहे. गोड्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, ते बाजारात येतं त्यातलं बरंचसं हिमालयातल्या ओकांच्या खोडांवरून आणि फांद्यांवरून गोळा केलेलं असतं. तिकडे त्याला झूला म्हणतात. बांजाची साल खडबडीत, भेगाळलेली, तिच्यावर राखाडी-हिरव्या झालरी लटकलेल्या असतात. गावातले लोक त्या खरवडून पोत्यात भरतात आणि रामनगर, टनकपूरच्या मंड्यांतून तो माल देशभर जातो. बाळगुटीतलं मायफळ हीसुद्धा ओकाच्या झाडावर आलेली गाठच, फक्त तो ओक इराण-तुर्कस्तानकडचा. सहाणेवर उगाळून चाटवलेलं ते मायफळ आपल्यापैकी कित्येकांच्या तोंडी बोलायला लागायच्या आधीच गेलंय.

बांज हे गावाचं झाड आहे. साधारण हजार-बाराशे मीटरपासून तेवीसशेपर्यंत तो असतो आणि गढवाल-कुमाऊँची बहुतेक गावंही त्याच पट्ट्यात आहेत. त्यामुळे गावाचं सगळं त्याच्यावर. मी उतरते त्या घरातल्या बोडी (तिकडे थोरल्या काकूला बोडी म्हणतात) कार्तिक संपत आला की पाठीवर दोर आणि कमरेला दरांती खोचून निघतात. गवत संपलेलं असतं, म्हशीला हिरवं हवं असतं. दरांती म्हणजे विळाच, पण जरा जड. झाडावर चढून त्या फांद्या उतरवतात, आणि कुठल्या उतरवायच्या नाहीत हे त्यांच्या हातांना पाठ आहे. शेंड्याला हात लावायचा नाही, यंदा या झाडाची घेतली तर पुढच्या वर्षी त्या झाडाची. ओली पानं म्हशीच्या पुढ्यात जातात. वाळलेली पानं गोठ्यात पसरतात, शेणामुतात कुजवतात आणि ते खत शेतात जातं. उरलेल्या काटक्या चुलीत. नांगर, कुऱ्हाडीचा दांडा, हेही बांजाच्याच लाकडाचं. मंडुवा (नाचणी), चौलाई (राजगिरा), बटाटा जे काही त्या शेतात येतं त्यात बांजाचं पान असतंच.

आणि पाणी. बांजाचं रान तिथे झरा, हे तिकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पानांचा जाड, ओलसर थर पावसाचं पाणी धावू देत नाही, ते जमिनीत मुरतं आणि खालच्या धाऱ्यावर उन्हाळाभर येत राहतं. शेजारच्या चिडाच्या रानात हे घडत नाही. चीड म्हणजे तिकडचा पाइन. चिडाच्या सुया, ज्यांना पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात सुकून सरपणासारख्या पेटतात.

चीड वाढला तो काही आपोआप नव्हे. इंग्रजांच्या वनखात्याला चिडापासून राळ आणि टर्पेंटाइन मिळत होतं, रेल्वेचे स्लीपर मिळत होते. बांज त्यांच्या हिशेबात जळाऊ लाकूड आणि कोळसा. 1911 ते 1917 या काळात कुमाऊँतली प्रचंड जंगलं राखीव झाली, गावाचे हक्क आखडले, आणि 1921 च्या उन्हाळ्यात लोकांनी जंगलं पेटवली. या आगींबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जळाली ती मुख्यतः चिडाची जंगलं. बांजासारख्या रुंद पानांच्या रानाला लोकांनी बहुतांशी हात लावला नाही. रागाच्या भरातही आपलं काय आणि सरकारचं काय हे त्यांना पक्कं कळत होतं. पुढे 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम आले आणि काही रानं गावांच्या ताब्यात परत आली. अशा हजारो वनपंचायती आज उत्तराखंडात आहेत. सगळ्या नीट चालतात असं नाही, पण जिथे चालतात तिथला बांज लांबूनही ओळखता येतो.

मंडलचंही नाव त्या इतिहासात आहे. एप्रिल 1973 मध्ये चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी इथल्याच जंगलात पडली. तेव्हाचा वाद होता अंगूच्या झाडांचा. गावकऱ्यांनी शेतीच्या अवजारांसाठी मागितली तेव्हा नाकारली आणि खेळाचं सामान बनवणाऱ्या कारखान्याला दिली. आज त्या गावात उतरून चहा पिणाऱ्याला हे सांगणारं कोणी भेटतंच असं नाही.

आता वर.

2,400 मीटरच्या वर खरसू सुरू होतो आणि झाडांची हद्द संपते तिथपर्यंत, म्हणजे सव्वातीन हजार मीटरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याच्याही वर, जात राहतो. त्याच्या पलीकडे बुग्याळ, नुसतं गवत आणि फुलं. इथे बारमाही गाव नाही. उन्हाळ्यात म्हशी-मेंढ्या घेऊन लोक येतात, छानीत राहतात, थंडी पडायला लागली की उतरतात. छानी म्हणजे दगड, लाकूड आणि गवताचा मोसमी निवारा. बाकी सहा-सात महिने खरसू एकटाच असतो, त्यातले तीन-चार बर्फात. झाडं प्रचंड, काही खोडांना दोघांनी मिळून कवेत घ्यावं लागतं. खोडावर शेवाळाचा हिरवा थर, शेवाळात नेचे, आणि आत इतकी सावली की दुपारीही गारवा जाणवतो. पहिल्यांदा जाणारा माणूस म्हणतो, काय निरोगी जंगल आहे! मलाही तसंच वाटतं, आणि वर बघितलं तर ते खरंच आहे. खाली बघितलं की गोष्ट बदलते. त्यासाठी या दोन झाडांची बी कशी येते ते सांगायला हवं.

बांजाला वसंतात मोहोर येतो, परागकण वाऱ्यावर जातात, आणि फळ पिकायला दीड वर्षाच्या आसपास लागतं. पिकतं ते हिवाळ्यात. बुडाशी असलेल्या वाटीतून सुटलेलं टोकदार, बदामी रंगाचं बी पाचोळ्यात पडतं आणि तिथेच थांबतं. रुजायचं ते पावसाळ्यात. म्हणजे पाच-सहा महिने त्याला जीव धरून राहायचं असतं: अस्वलं, वानरं, उंदीर, आतून पोखरणाऱ्या किडी, फाल्गुन-चैत्रातली कोरडी हवा, एवढ्या सगळ्यांतून. निळ्या पंखांचे जे पक्षी बिया उचलून जमिनीत पुरून ठेवतात, त्यांच्या विसरण्यावर बांजाच्या पुष्कळ झाडांचा जन्म अवलंबून आहे.

खरसू थांबतच नाही. त्याचं फळ मोहोरानंतरच्या पुढच्या वर्षीच्या आषाढ-श्रावणात पिकतं, ऐन पावसात. पावसाळ्यात चोपत्याच्या वरच्या रानात मी एक फांदी खाली ओढून पाहिली. गोल, काळपट, मोठ्या बोराएवढी फळं, खाली अगदी उथळ वाटी. त्यातल्या एकाचं टोक तडकलं होतं आणि आतून मूळ बाहेर आलेलं होतं. पांढरं, टोकाशी किंचित लालसर, नखाएवढं. फळ अजून फांदीलाच होतं! कोकणातल्या खाडीत कांदळाच्या झाडावर लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा आपण पाहिलेल्या असतात. त्या शेंगा नसतातच, आईच्या अंगावरच रुजलेली रोपं असतात. समुद्रसपाटीवरचा कांदळ आणि तीन हजार मीटरवरचा खरसू, दोघांचं नातं काही नाही, आणि दोघांनी एकच वाट काढलेली. कांदळाला पायाखाली भरती-ओहोटीचा चिखल असतो. खरसूची अडचण वेळेची आहे. त्या उंचीवर जमीन ओली आणि उबदार असते ते जेमतेम तीन महिने. बी पडून मग सावकाश रुजायचं म्हटलं तर थंडी येऊन ठेपते. म्हणून ते झाडावरूनच तयारीनं निघतं, पडल्या पडल्या मूळ मातीत घालतं, आणि कोंबालाही आधी खालीच नेतं. वर पान दिसायला वेळ लागतो, पण खालचं काम झालेलं असतं.

या घाईची किंमत मोठी आहे. खरसूचं बी टिकत नाही. ओल मिळाली नाही तर काही दिवसांतच मरतं. बी पिकलं आणि पाऊस आठ-दहा दिवस लांबला, तर त्या वर्षीचं सगळं पीक वाया. शिवाय भरपूर बी दर वर्षी येत नाही. एखादं वर्ष झाड लगडतं, मग काही वर्षं जवळजवळ रिकामी जातात. पाऊस पुढे-मागे व्हायला लागलाय हे पुण्यात बसूनही कळतं. खरसूच्या मुलखात त्या पुढे-मागेचा अर्थ काय होतो, हे विचारणारे फार थोडे आहेत.

आणि अजून एक गोष्ट, जी मला वरच्या छानीत बसून चहा पिताना लक्षात आली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आषाढ-श्रावण हाच म्हशी वर असण्याचा काळ. खरसूचं बी नेमकं त्या दिवसांत पडतं, ज्या दिवसांत सगळं गोधन त्याच्या पायाशी चरत असतं. बांजाचं बी हिवाळ्यात पडतं, आणि हिवाळा म्हणजे बोडींच्या दरांतीचा हंगाम, गोठ्यासाठी पाचोळा झाडून नेण्याचाही. प्रत्येकाच्या नाजूक घडीला माणसाची गरज समोर उभी. यात दोष कुणाचा नाही. म्हैस त्या घराचं दूध आहे, पाचोळा त्या शेताचं खत आहे. पण दोन झाडांना दोन वेगळ्या महिन्यांत सांभाळावं लागणार, एवढं तरी यातून सरळ दिसतं.

बांज फार सोसतो. तोडला तर बुडख्यातून फुटतो, ओरबाडला तरी जगतो. रस्त्याकडेला काही बांज असे दिसतात की नुसता खांब आणि डोक्यावर मूठभर पानं. ते जिवंत असतात, पण असं झाड बी फारसं धरत नाही, आणि बी नाही म्हणजे पुढची पिढी नाही. तिथे खालून चीड शिरतो. तरी बांजाकडे लक्ष देणारं कोणी आहे. वनपंचायत आहे, गावातल्या बायकांचे गट आहेत, बांजाच्या नावानं सभेत भांडणारी माणसं आहेत. झरा आटला की गाव जागं होतं.

खरसूसाठी कोण जागं होणार? गढवाल आणि कुमाऊँतल्या खरसूच्या रानांबद्दल संशोधक वर्षानुवर्षं एकच लिहीत आलेत, की म्हातारी झाडं आहेत, रोपं उगवतात, पण मधली पिढी नाही. चांगल्या बियांच्या वर्षानंतर पायाखाली चिमुकली रोपं सापडतात. मनगटाएवढ्या खोडाचा तरणा खरसू शोधायला गेलात तर दिवस जातो. मला जे दिसले ते बहुतेक उभ्या कड्यांवर, खडकांच्या सांध्यात, म्हशीचा पाय पोचणार नाही अशा जागी. कारणांबद्दल मतभेद आहेत. कोणी चराईवर बोट ठेवतं, कोणी फांद्या तोडण्यावर, कोणी म्हणतं दाट सावलीत रोपं गुदमरतात, उजेड हवा. सगळंच थोडंथोडं खरं असावं. माझ्या मते सुरुवात कुंपणापासून करायला हवी: बी धरलेल्या झाडांखाली छोटे तुकडे पाच-सात वर्षं बंद ठेवायचे, तेही छानीवाल्यांशी बोलून, त्यांच्या वाटा आणि पाणवठे सोडून. अभयारण्याचा नियम दाखवून माणसांना हुसकावणं हा त्यावरचा उपाय नाही. ती माणसं नसतील तर कुठलं झाड यंदा लगडलंय हे सांगणारंही कोणी उरणार नाही.

लागवडीचं म्हणाल तर बांजाची रोपं रोपवाटिकांत दिसतात. खरसूचं रोप मला क्वचितच दिसलंय, आणि कारण उघड आहे. त्याचं बी गोळा करून ठेवता येत नाही, खाली नेऊन महिन्याभरानं पेरता येत नाही. रस्ते खचलेले असतात त्याच दिवसांत कोणीतरी वर राहून, पडलेलं बी उचलून, त्याच आठवड्यात तिथेच मातीत घालायला हवं. ‘ओक लावले’ असा फलक वाचला की मी विचारते, कुठला ओक? बांजाची हजार रोपं खाली लावल्यानं वरचा एकही खरसू भरून निघत नाही.

आपला संबंध शेवटी येतो तो इथे. दर वर्षी पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून ट्रेकचे गट चोपत्याला, देवरियाताललाही जातात. त्यांतल्या बऱ्याच गटांच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्रीची शेकोटी असते. तिथे गॅसवर स्वयंपाक होतो, पण शेकोटीला लाकूडच लागतं, आणि त्या उंचीवर लाकूड म्हणजे बहुतेक वेळा खरसू. हळू वाढणारं, जड, संथ जळणारं. तंबूच्या जागा सांभाळणारी मुलं जवळच्याच गावातली असतात. शेकोटी नाही म्हटलं तर पाहुणे नाराज होतात, वाईट लिहितात, म्हणून ती पेटवतात. बोडींचा पुतण्या हे काम करतो. त्यानं मला सांगितलं, की दीदी, पाहुणे स्वतःच नको म्हणाले तर आमचं ओझं वाचतं, लाकडं आम्हालाच वाहून आणावी लागतात.

म्हणून जाणार असाल तर नोंदणी करतानाच सांगा, की शेकोटी नको, तेवढ्या पैशांत एकेक जादा रजई आणि रात्री गरम पाणी द्या. तो म्हणाला, चार दिवस आधी कळवलं तर रजया उखीमठहून आणून ठेवता येतात.